देव सध्या कुठं आहे

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षभर अणदूरला नसतो. थंडीच्या दिवसांत पालखी निघते, देव नळदुर्गला जातो, दोनेक महिने तिथं राहतो आणि परत येतो. देवळं दोन आहेत, देव एकच. दोन्ही गावांत हे पूर्वीपासून ठरलेलं आहे आणि शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ते माहीत असतं. म्हणूनच ते कुणी कुणाला सांगत नाही. पंचाईत होते ती बाहेरून येणाऱ्यांची.

माझ्या आत्याचं अणदूरच्या फाट्यावर हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, चहा, भजी आणि सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. वडील तुळजापूरला कचेरीत कारकून होते, त्यामुळे आम्ही तिथं राहायचो. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायचे. सुट्टी लागली की मला एस.टी.त बसवून आत्याकडे पाठवायचे. मी फार बोलत नसे. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे आणि पाहुणे गेले की बाहेर यायचे. आत्याकडे आतली खोलीच नव्हती. तिथं मी गल्ल्याच्या मागं, बिस्किटांच्या बरण्यांआड बसायचे. बरण्यांमधून बघायला बरं वाटायचं. माणसं दिसायची आणि त्यांना मी दिसत नसे.

आत्याला दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य बोलावं लागे. गाडी थांबायची, कुणीतरी मान बाहेर काढायचं, "मावशी, देवळाकडं कुठनं जायचं?"

उन्हाळा असला तर आत्या हात लांब करून रस्ता दाखवायची. थंडी असली तर हातातला झारा तसाच ठेवून रस्त्यापर्यंत जायची. "देव न्हाय इथं. नळदुर्गला गेलाय. असंच सरळ जावा." कर्नाटकातली गाडी असली तर, "इल्ली इल्ला, नळदुर्गक्क होग्री." एवढं कानडी तिला येत होतं आणि फाट्याला तेवढं पुरत होतं.

ती इतकी धावत का जायची, ते मी एकदा विचारलं. भजी करपत होती म्हणून विचारलं असेन.

आत्या म्हणाली, "मी नवीन लग्न होऊन आले तवाची गोष्ट हाय. एक म्हातारी आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात निवद. दोन एस.ट्या बदलून आलती. सरळ गावात गेली आन् तशीच माघारी आली. फाट्यावर दगडावर बसली. रडली न्हाय काय न्हाय. मला म्हणली, पोरी, मोकळ्या दारापुढं निवद दावला तर पोचतो का गं? म्या काय सांगणार? मलाच तवा काय कळत होतं?"

"मग?"

"मग काय. ट्रकात बसवून दिली नळदुर्गला. पण तिचं तोंड डोळ्यापुढनं जात न्हाय. कुणी मोकळ्या दाराला जाऊ नये, एवढंच. आपुन फाट्यावर बसलोय कशाला मग?"

पुढं आत्यानं गावातल्या पेंटरकडून एक पत्र्याची पाटी रंगवून घेतली. एका बाजूला लिहिलं होतं, 'देव अणदूरला आहे.' दुसऱ्या बाजूला, 'देव नळदुर्गला आहे.' दोन्हीकडं हळदीचा पिवळा रंग आणि तांबडी अक्षरं. शेडच्या पुढच्या वाशाला ती तारेनं टांगलेली असायची आणि वर्षातून दोनदा आत्या ती उलटायची. पालखी निघायच्या दिवशी पाटी काढून आत भिंतीला टेकवून ठेवायची. त्या दिवशी देव वाटेत असतो, लोक वाटेवरच दर्शन घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पाटीला भंडारा लावून, दुसरी बाजू पुढं करून टांगायची.

मी एकदा विचारलं होतं, पाटी आहे तर तुम्ही तरी कशाला उठता? आत्या म्हणाली, "वाचनारी मानसं थांबत न्हाईत माय. थांबनाऱ्यांना वाचता येत न्हाय."

देव गेल्यावरचं अणदूर मला अजून आठवतं. गाव तेच असायचं. नारळाची दुकानं अर्धी उघडी, कुत्री उन्हात, घंटा क्वचित वाजायची. आई माहेरी गेल्यावर घर जसं वाटतं, तसं काहीतरी. माणसं आवाजही थोडा खालच्या पट्टीत काढतात असं मला वाटायचं. पण हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. शाळेत निबंधाला 'माय व्हिलेज' असा विषय आला तेव्हा मी विहीर, बैल आणि हिरवी शेतं लिहिली. बाईंना तेच हवं होतं.

मग सगळ्यांकडं कॅमेऱ्याचे फोन आले. येणारे लोक पाटीपुढं उभे राहून फोटो काढायला लागले. आत्याला त्याचं कौतुक. पदर सारखा करून तीही शेजारी उभी राहायची. मी कॉम्प्युटर शिकायला पुण्याच्या कॉलेजात गेले त्या सुमाराची गोष्ट. सुट्टीत आले होते, थंडी होती, पाटी नळदुर्गच्या बाजूनं टांगलेली होती. एक जीप थांबली. आतल्या माणसानं आत्यापुढं फोन धरला.

"ह्यो फोटो बघा की मावशी. देव अणदूरला आहे. तुमचीच पाटी हाय न्हवं?"

"पाटी माझीच हाय. फोटो उन्हाळ्यातला हाय."

"आता गं! पाटी तुमची, शेजारी तुम्हीच उभ्या, आन् तुम्हीच न्हाय म्हणताव?"

"अवो, मी उभी हाय म्हणून देव बसून राहतो का?"

जीपमधली सगळी हसली. ती माणसं नळदुर्गला गेली, पण आत्याचा चेहरा उतरला. कुणीतरी उन्हाळ्यात फोटो काढला, दुसऱ्याला पाठवला, त्यानं तिसऱ्याला, आणि तो फिरत फिरत थंडीत पोचला. "माझी पाटी लोकांला फसवाय लागली की गं," ती म्हणाली. मी बरण्यांआडून ऐकत होते.

त्याच वर्षी रस्ता रुंद करायचं काम फाट्यापर्यंत आलं. पूल होणार, मोठ्या गाड्या वरून जाणार आणि शेड काढावी लागणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आत्या त्याबद्दल बोलत नसे. फक्त एकदा भांडी घासताना म्हणाली, "शेडीचं काय न्हाय. गुडघं तसंबी दुखाय लागलेत. पर सांगनार कोन?"

पुण्याला परत गेल्यावर मी एक वेबपेज केलं. त्यात एकच वाक्य होतं. वर हळदीच्या रंगाची पट्टी, खाली तांबड्या अक्षरात 'देव अणदूरला आहे' किंवा 'देव नळदुर्गला आहे' आणि त्याखाली तिथं कसं जायचं. हेच कानडीत. कानडी मजकूर होस्टेलवरच्या कलबुर्गीच्या मैत्रिणीनं लिहून दिला. बाकी काही नाही. फोटो नाही, फिरणारं चित्र नाही. वर्गातली मुलं म्हणाली, ॲप कर, छान दिसेल. मी नको म्हटलं. ॲप घ्यायला जागा लागते, नवा फोन लागतो, आणि वर्षातून एकदा देवाला येणारा माणूस त्यासाठी ॲप घेणार नाही. साधं पान बटणांच्या फोनवरही उघडतं. नजर अधू झालेल्या माणसाला फोन ते वाचून दाखवू शकतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही. हे मला महत्त्वाचं वाटलं. का वाटलं ते मी वर्गात सांगितलं नाही.

त्या पानाबरोबर तेच वाक्य नुसत्या मजकुराच्या रूपातही ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते उचलून आपल्याकडं दाखवता यावं. त्यासाठी कुणाची परवानगी नको, पैसे नकोत, कुणाचं खातं नको. सुरुवातीला कुणीच उचललं नाही. मग केबल चालवणाऱ्या एकानं टीव्हीच्या खालच्या पट्टीत ते वाक्य सोडलं. नळदुर्गच्या एका लॉजवाल्यानं आपल्या पानावर लावलं. नारळाच्या दुकानात दिव्यांची सरकती पट्टी आली, तिच्यातही ते यायला लागलं. ही सगळी ठिकाणं वाक्य माझ्याकडूनच थेट उचलत, त्यामुळे मी पुण्यात एका ठिकाणी शब्द बदलला की तो सगळीकडं आपोआप बदलायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी खोलीत एकटीच होते आणि बराच वेळ हसत होते.

आत्याला मी फोनवर दाखवलं. तिनं चष्मा पुसून पाहिलं.

"म्हंजे पाटी एकच. पण दिसती सगळ्या फाट्यांवर."

"हो आत्या."

"नळदुर्गाकडनं येनाऱ्यालाबी?"

"हैदराबादहून निघणाऱ्यालाही. निघायच्या आधीच."

"हां. ह्ये झ्याक झालं. आपली पाटी सोलापूरकडनं येनाऱ्यालाच दिसत हुती." मग चष्मा काढत, "उलटायची कुनी?"

मी म्हटलं, "तुमच्याच फोनवर बटण करून देते. तुम्ही दाबलं की बदलेल."

"नको माय. बटन चुकून दाबलं जातंय. नातवानं फोन घेतला म्हंजे देव दिवसातनं चारदा नळदुर्गला जाईल. मी पत्र्याची पाटी उलटते आन् तुला फोन करते. तू तिकडं उलट."

पालखीच्या दिवशी काय लिहायचं तेही तिनंच सांगितलं. "वाटेत हाय म्हून लिही. खोटं न्हाय न् काय न्हाय." म्हणून त्या पानावर वर्षातले दोन दिवस 'देव वाटेत आहे' असं येतं. ते मला सगळ्यात आवडतं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. पालखी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा. आत्या नमस्कार-चमत्कार काही करायची नाही. एवढंच म्हणायची, "उलटली गं." मी लॅपटॉप उघडायचे. मागं भांड्यांचा, स्टोव्हचा, ट्रकच्या हॉर्नचा आवाज यायचा. मी मुद्दाम लगेच फोन ठेवत नसे.

खरं सांगायचं तर या पानाचा मला दुसराही एक आनंद होता. ते माझ्याऐवजी बोलत होतं. आत्या जे वाक्य धावत जाऊन, झारा टाकून, पदर सांभाळत सांगायची, ते मी कुणाच्याही तोंडाकडं न बघता कितीतरी लोकांना सांगत होते. माझ्यासारख्या मुलीला याहून जास्त काय हवं?

शेड काढायच्या आधीच्या थंडीत मी मुद्दाम रजा घेऊन अणदूरला गेले. आत्यानं पाटी उलटली तेव्हा मी शेजारी उभी होते. तरी तिनं मला फोन केलाच. माझ्या हातात फोन वाजला.

"आत्या, मी इथंच आहे."

"असू दे. नेहमीचं ते नेहमीचं. उलटली गं."

मी बाकड्यावर बसून पान बदललं. मग आत्या गुडघ्याच्या औषधासाठी नळदुर्गच्या दवाखान्यात गेली. मी गल्ल्यावर. बरण्या आता कमी झाल्या होत्या, बिस्किटं पुड्यांतून येत होती, त्यामुळे आड लपायला फारसं काही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं एक टेम्पो आला. मागं ताडपत्रीखाली बायका-माणसं, पुढं नवरदेव-नवरी. लग्नानंतर जोडप्यानं खंडोबाला यायचं असतं, तसे आले होते. एक फेट्याचे बाबा खाली उतरले आणि माझ्याकडं न बघताच गावाच्या रस्त्याकडं बोट करून ड्रायव्हरला म्हणाले, "घे आत."

पाटी त्यांच्या डोक्यावर होती. कुणी वर बघितलं नाही.

पान आहे, पाटी आहे, मी बोलायची काय गरज, असं मला क्षणभर वाटलं. टेम्पो सुरू झाला. नवरीच्या मांडीवर टोपलं होतं, वर पांढरं फडकं. मी उठले.

"अहो," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. "अहो बाबा!"

टेम्पो थांबला.

"देव इथं नाहीये. नळदुर्गला गेलाय."

"कोन म्हनतंय?" बाबांनी खिशातून फोन काढला. "आमी बघूनच निघालाव भूमहून. ह्ये बघा."

मी पाहिलं. हळदीची पट्टी, तांबडी अक्षरं, 'देव अणदूरला आहे.' माझंच पान होतं, पण त्याचा स्क्रीनशॉट होता. कुण्या पाहुण्यानं उन्हाळ्यात काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला. लिंक नव्हती. चित्र उलटत नाही. आत्याच्या पाटीचं जे झालं, तेच माझ्याही पाटीचं झालं होतं.

"हे जुनं आहे," मी म्हटलं. "आताचं दाखवते." मी माझा फोन पुढं केला. बाबांनी दोन्ही फोन शेजारी धरले. दोन्हींवर तीच पट्टी, तीच अक्षरं, गाव तेवढं वेगळं.

"आता ह्यातलं खरं कंचं?" बाबा म्हणाले. "तुमच्या फोनात एक, आमच्या फोनात एक."

मागून एक बाई म्हणाली, "नळदुर्गावरनंच आलाव की आपुन! मी तवाच म्हनलंते, तितं गर्दी दिसतीय, उतरून इचारू. माझं कोन ऐकतंय?"

"तू गप गं," बाबा म्हणाले. पण फोन खिशात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "पोरी, तू हितलीच का?"

ते पान मीच केलंय, असं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्यानं काही सिद्ध झालं नसतं, आणि तसं सांगणं माझ्याच्यानं व्हायचंही नाही. मी रस्त्यापर्यंत गेले. आत्या जिथं उभी राहायची तिथं उभी राहिले आणि हात लांब केला. मग तोंडातून जे निघालं ते मी शाळेत शिकलेलं नव्हतं.

"व्हय, हितलीच. आत्याचं हॉटेल हाय ह्ये. देव न्हाय हितं, दार मोकळं हाय. गाडी वळवा. पूल अजून अर्धवट हाय, खालच्या रस्त्यानं सरळ नळदुर्गला जावा."

नवरीनं खिडकीतून मान काढली. माझ्याच वयाची असेल. "पक्कं ना, ताई? सकाळपासनं उपाशी हाव."

"पक्कं," मी म्हटलं. "देव तिथंच हाय."

तिनं मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी वळवली. जाताना बाबांनी खिडकीतून वाकून वर पाटीकडं बघितलं आणि मागच्यांना ओरडून वाचून दाखवलं, "अरं, लिहिलंय की हितं!" टेम्पोतली सगळी हसली, मीही हसले.

आत्या दुपारी परत आली. मी काही सांगितलं नव्हतं, पण शेजारच्या पंक्चरवाल्यानं सगळं सांगून टाकलं होतं. ती बाकड्यावर बसून गुडघा चोळत म्हणाली, "भूमची हुती म्हनं."

"हो."

"मोकळ्या दाराला गेली का?"

"नाही. पाठवली नळदुर्गला."

"तोंडानं?"

"तोंडानं."

आत्या हसली नाही की शाबासकी दिली नाही. तिनं स्टोव्हला पंप मारला आणि मला चहा करून दिला. गिऱ्हाइकाच्या कपात, बशीसकट.

आता शेड नाही. तिथून मोठा रस्ता गेला आहे आणि पुलावरून जाताना फाटा नीट दिसतही नाही. आत्या गावातल्या घरी असते. पाटी अंगणातल्या खुंटीला टांगलेली आहे. तिथून ती शेजारच्या दोन घरांना तेवढी दिसते, आणि त्या दोन्ही घरांना देव कुठं आहे ते माहीतच असतं. तरीही ती वर्षातून दोनदा आंघोळ करून, भंडारा लावून पाटी उलटते आणि मला फोन करते.

मी पानात काही सुधारणा केल्या. वाक्याच्या खाली मोठ्या अक्षरात तारीख येते, चित्र काढलं तरी तीही त्यात येते. लोक तरीही चित्रंच पाठवतात आणि तारखेकडं बघत नाहीत. मग आत्यानं एक नवा नियम काढला. "उलटली गं," असं म्हटल्यावर ती आता लगेच फोन ठेवत नाही.

"म्हणून दाखव आधी," ती म्हणते. "मग तुझं बटन दाब."

ऑफिसात असले तर मी जिन्यात जाते. पहिल्या वर्षी कुजबुजले होते.

"काय ऐकाय आलं न्हाय. गाडी चाललीय असं समज."

खालून कुणीतरी जिना चढत येत असतं. मी हात लांब करत नाही, तेवढं राखून ठेवते. पण म्हणते, मोठ्यानं, जशी ती म्हणायची तशी.

"देव न्हाय हितं. नळदुर्गला गेलाय. असंच सरळ जावा."

"हां," आत्या म्हणते. "आता दाब."